साधनाआधी विद्यार्थी : सहायक साधनांची गरज कशी ओळखावी?

शाळेत प्रवेश मिळणे आणि शाळेत शिकता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दिव्यांग विद्यार्थ्याच्या बाबतीत या दोहोंमधील अंतर पुष्कळदा एखाद्या साधनाने कमी होते. भिंग, श्रवणयंत्र, ब्रेल पाटी, कॅलिपर, व्हीलचेअर, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली ही अशी साधने होत. परंतु वाटपात मिळालेले श्रवणयंत्र पेटीच्या तळाशी आणि व्हीलचेअर जिन्याखाली पडून राहिल्याचे दृश्यही शिक्षकांना अपरिचित नाही. असे का होते, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

हक्काची बाजू

बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता अशा प्रसंगी शिक्षणाचा आणि लोकसाहाय्याचा विचार भारतीय संविधानाच्या कलम ४१ मध्ये केलेला आहे. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक आहे, अशा विद्यार्थ्यांना १८ वर्षे वयापर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य व योग्य सहायक साधने विनामूल्य मिळावीत, अशी तरतूद त्यातील कलम १७ मध्ये आहे. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करून त्यांच्या विशेष गरजा निश्चित कराव्यात, असेही तेच कलम सांगते. म्हणजे साधन ही कोणाची कृपा नव्हे, तो हक्क आहे. मात्र कायद्यातील ‘योग्य’ हा शब्द आपण नजरेआड करू नये. साधन योग्य आहे की नाही, हे ठरवण्यासाठीच मूल्यमापन हवे.

टक्केवारी आणि गरज

प्रमाणपत्रावरील टक्केवारी लाभाची पात्रता ठरवते, गरज सांगत नाही. समजा, दोन विद्यार्थिनींच्या प्रमाणपत्रांवर दृष्टिदोषाची टक्केवारी सारखीच आहे. पहिलीला सर्वच अक्षरे अस्पष्ट दिसतात. तिला भिंग किंवा मोठ्या टाइपातील पुस्तक उपयोगी पडेल. दुसरीला समोरचे नीट दिसते, पण नळीतून पाहावे तसे अरुंदच दिसते. अक्षरे मोठी केली तर तिच्या नजरेत एका वेळी कमीच अक्षरे मावतील. तिला उलट पुरेसा उजेड, ओळीखाली धरण्याची पट्टी आणि अंधारात वावरताना आधार हवा. दोघींना एकच भिंग दिले, तर कागदावर दोन लाभार्थी दिसतील. शिकेल मात्र एकच.

इतिहासाचा दाखला

लुई ब्रेल (जन्म १८०९) पॅरिसच्या अंध विद्यालयात शिकत असताना शार्ल बार्बिए या डोळस गृहस्थाने तयार केलेली उठावाच्या टिंबांची लिपी तेथे आली. कल्पना मोलाची होती. परंतु तिच्या एका चिन्हात बारापर्यंत टिंबे असत आणि ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. स्वतः बोटांनी वाचणाऱ्या ब्रेल यांना ही अडचण उमगली. त्यांनी सहा टिंबांची लिपी सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. साधन कोठे अडते, हे ते वापरणाऱ्याला सर्वांत आधी कळते. म्हणून मूल्यमापनात विद्यार्थ्याचे म्हणणे पहिल्या क्रमांकावर हवे.

चार पायऱ्या

जॉय झाबाला या अमेरिकी अभ्यासिकेने मूल्यमापनाची एक सोपी चौकट मांडली. तिच्यात साधनाचा क्रमांक शेवटचा आहे.

१. विद्यार्थी : त्याला काय जमते, काय जमत नाही, काय आवडते, कशाचा संकोच वाटतो?

२. परिसर : वर्गात उजेड कोठून येतो? पंख्याचा आवाज किती? स्वच्छतागृहाचे दार व्हीलचेअरइतके रुंद आहे का?

३. कार्य : त्याला नेमके काय करायचे आहे? फळा वाचणे, टिपणे काढणे, भूमितीची आकृती काढणे, की मित्रांशी बोलणे?

४. साधन : वरील तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच साधनाची निवड.

असे केल्यास अनेकदा उत्तर स्वस्तात सापडते. फळ्याजवळची जागा, ठळक ओळींची वही, तिरके मेज, पेनाला गुंडाळलेली जाड पकड किंवा मुलांकडे तोंड करून बोलणारे शिक्षक एवढ्यानेही पुष्कळ काम होते. जेथे याने भागत नाही, तेथे तज्ज्ञांची तपासणी व यंत्र लागतेच. एनव्हीडीए ही पडदावाचक प्रणाली विनामूल्य मिळते, तरी ती वापरण्याचे शिक्षण द्यावेच लागते.

निवासी शाळेची विशेष जबाबदारी

दिवसाच्या शाळेतील शिक्षक मुलाला पाच-सहा तास पाहतात. निवासी शाळेत मूल चोवीस तास आपल्यासमोर असते. त्यामुळे येथील मूल्यमापन वर्गापुरते राहून चालणार नाही. पहाटे अंघोळीच्या ओल्या फरशीवर कुबडी घसरते का? भोजनगृहाच्या गलबल्यात श्रवणयंत्र लावणे नकोसे होते का? रात्रीच्या अभ्यासिकेतील दिव्याची सावली वहीवर पडते का? या नोंदी गृहपाल आणि स्वयंपाकघरातील मावशी जितक्या अचूक देतील, तितक्या मोजमाप शिबिरात मिळणार नाहीत. शिबिराला जाताना ही नोंदवही सोबत न्यावी.

साधन मिळाल्यावरही काम संपत नाही. मूल वाढते, तसा श्रवणयंत्राचा कानातील साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागते. कॅलिपर आखूड पडते. पावसाळ्यात यंत्रात दमट हवा शिरते, बॅटरी संपते. म्हणून साधन काही आठवडे वापरून पाहावे, प्रत्येक सत्रात तपासावे आणि बॅटरी व दुरुस्तीचा खर्च आधीच धरून ठेवावा.

आपण काय करू शकतो?

पालकांनी घरातील निरीक्षणे संकोच न करता शिक्षकांना सांगावीत. मुलाची अडचण लपवल्याने ती कमी होत नाही. शाळेला साधन भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, खरेदीपूर्वी त्यांनी त्या विद्यार्थ्याशी बोलावे. आणि नव्या यंत्राऐवजी बॅटरी, दुरुस्ती किंवा एका उताराची गरज असल्याचे कळले, तर तेच द्यावे. समाजातील अभियंते, परिचारिका, सुतार, संगणक जाणणारे तरुण यांनी वर्षातून एक दिवस शाळेला दिला, तरी बंद पडलेली कितीतरी साधने पुन्हा मुलांच्या हाती येतील.