हात लावून बघ, मग पिळ

गाडी छान घेतलीस. मागचा दीडशेचा रुंद टायर बघायला कॉलेजची पोरं जमतील, जमू देत. पण एवढा रुंद टायर असला तरी रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा तुकडा. पुढचा एक, मागचा एक. ब्रेक मारायचा, कलायचं, पळायचं, सगळं त्या दोन तुकड्यांच्या जिवावर. म्हणून मामाचं पहिलं सांगणं: आभाळाकडे नंतर बघ, आधी टायरला हात लाव.

स्पोर्ट टायरचं रबर ऊब मिळाली की मऊ होतं, खडीच्या दाण्यांमध्ये दबतं आणि धरतं. गार असताना तेच रबर ताठ असतं. डिसेंबरात पहाटे वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला निघालीस की ऊन नसतं आणि रस्ता बर्फासारखा गार असतो. अशा वेळी पहिले आठ-दहा किलोमीटर टायरवर भरवसा ठेवू नकोस. टीव्हीवर रेस बघून पोरं सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवी डोलवत टायर तापवतात. त्यानं फारसं काही तापत नाही, मागच्या ट्रकवाल्याची मात्र करमणूक होते. सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, जरा दमदार ब्रेक आणि जरा दमदार ॲक्सिलरेटर, असं चार-पाच वेळा केलंस की रबर आतून तापतं. मग चहाला थांबलीस की मागच्या टायरवर तळवा टेकव. कोमट लागला तर घाट तुझा. गारच लागला तर पाचगणीपर्यंत सावकाश जा, टेबललँड कुठं पळून जात नाही.

हवा मात्र गार टायरचीच बघायची. सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी. चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर आकडा छापलेला असतो, तोच खरा. पंपावरच्या पोराला ‘अंदाजे मार’ म्हणू नकोस, स्वतःचा गेज घे. तापमान दहा अंशांनी चढलं की टायरातली हवा साधारण दीड पॉइंट वाढते. म्हणून मे महिन्यात दुपारी हवा मोजली की आकडा जास्त दिसतो आणि माणसं घाबरून ती सोडतात. तिथंच घोटाळा होतो. हवा कमी झालेला टायर जास्त दबतो, दबला की आणखी तापतो आणि कडा झिजून जातात. हवा जास्त भरली तर उलट होतं, मधला पट्टा उडतो. ट्रॅकवरची माणसं हवा कमी करतात ती तिथल्या सततच्या जोरासाठी, त्यांचं गणित साताऱ्याच्या रस्त्यावर आणायचं नाही.

उन्हाळ्यात रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. नवा डांबरी रस्ता असेल तर वळणावर काळे, चकचकीत पट्टे दिसतात. ते वर पाझरलेलं डांबर असतं. टायर कितीही तापलेला असो, त्याच्यावरून कलून जायचं नाही. उन्हाचा जोर कळायचा असेल तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरची 2023ची मोटोजीपी आठव. उष्म्यामुळे तिथं रविवारची मुख्य शर्यत 24 फेऱ्यांवरून 21 वर आणली होती.

आता पाऊस. सगळ्यात वाईट पाऊस म्हणजे पहिला, आणि तोही पहिला अर्धा तास. वर्षभराचं सांडलेलं तेल, धूळ, झिजलेलं रबर त्या पाण्यात वर येतं. मुसळधार कोसळून रस्ता धुऊन निघाला की तोच रस्ता बरा होतो. तेव्हा वळवाची सर आली की टपरीत शिर, भजी खा. भर आषाढात ओल्या रस्त्यावर चांगला टायर धरतो, पण झेब्रा पट्टे, मॅनहोलची झाकणं, पुलावरचे लोखंडी सांधे यांच्यावर कुठलाच टायर धरत नाही. ते गाडी उभी ठेवून ओलांडायचे. आंबेनळी घाटात झाडांखाली शेवाळ असतं, तिथं रंग हिरवट दिसला की हात हलका ठेव. कोकणात लावणीच्या दिवसांत शेतातून निघालेला ट्रॅक्टर तांबडा चिखल रस्त्यावर पसरतो. आपल्याकडे साखर कारखाने सुरू झाले की ट्रॉल्यांमधून पाचट पडतं, दव पडल्यावर तेही घसरतं.

रेसमध्ये गुळगुळीत टायर असतात म्हणून पोरं खाचांना नावं ठेवतात. तो टायर कोरड्या, झाडलेल्या ट्रॅकसाठी असतो. पाऊस लागला की तीच माणसं खोल खाचांचे, अगदी मऊ टायर लावतात, आणि ट्रॅक वाळला तर तेच टायर काही फेऱ्यांत फाटायला लागतात. प्रत्येक रबराचा एक ऋतू असतो. आपल्याला एकाच टायरवर तिन्ही ऋतू काढायचे असतात, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अगदी चिकट टायर घेऊ नकोस. मधे टणक आणि कडेला मऊ, असा स्पोर्ट-टूरिंग टायर घे. सिलिका असलेला असेल तर उत्तम, ओल्यात तो लवकर धरतो. आणि कडेचा न झिजलेला पट्टा दाखवून कोणी हसलं तर हसू दे. तो पट्टा हातात राखलेली शिल्लक आहे.

पुण्याला हायवेनं रोज ये-जा केलीस तर मागचा टायर मधे सपाट होईल. मग वळणात गाडी आधी अडते आणि एकदम कलते. खाचेच्या तळाशी टीडब्ल्यूआयची बारीक उंची असते. रबर तिच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पावसाळ्याच्या तोंडावर तर त्याच्याही आधी बदल. विकत घेताना बाजूचे शेवटचे चार आकडे वाच: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार जुना माल ‘नवाच आहे’ म्हणून देतो, कारण कोणी वाचत नाही. नव्या टायरची वरची कातडी गुळगुळीत असते, पहिले दीडशे किलोमीटर कलण्याची घाई नको.

वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच सांग, टायरवर डिझेल नको आणि पॉलिशही नको. डिझेल रबर खातं, आणि पॉलिशचा एक थेंब धावेवर गेला की पहिल्याच वळणात कळतं. पंक्चर मधल्या पट्ट्यात असेल तर स्ट्रिप मारून घरी ये, नंतर आतून मशरूम पॅच लावून घे. बाजूच्या भिंतीला भोक पडलं असेल तर कोणी कितीही ‘चालतंय, ताई’ म्हणालं तरी टायर बदलायचा, आणि बिल मला पाठवायचं.