एक दशांशाचा हिशेब

मागच्या सत्रात कॉम्प्युटरचे सर रजेवर असताना अकरावीच्या लॅबचा एक तास माझ्याकडे आला. एका कॅडेटने पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला होता : शून्यापासून सुरुवात करून ०.१ दहा वेळा मिळवायचे. उत्तर १ यायला हवे. पडद्यावर आले ०.९९९९९९९९९९९९९९९९.

"सर, मशीन चुकतंय," तो म्हणाला. मी घाईत होतो. "एकच धर आणि पुढे चल," असे सांगून मी पुढच्या टेबलाकडे वळलो.

गणित शिकवणाऱ्याने द्यायचे हे उत्तर नव्हे. रात्री प्रेप संपल्यावरही ते मला खटकत राहिले. म्हणून हा लेख आधी त्या कॅडेटसाठी, आणि मग तुम्हा सर्वांसाठी.

मशीन चुकले नव्हते. दशमान पद्धतीत १/३ लिहायला बसा : ०.३३३… ते कधीच संपत नाही. १/४ मात्र ०.२५ वर संपतो. कारण तुम्हाला ठाऊक आहे. अपूर्णांक संक्षिप्त केल्यावर छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील, तरच तो दशांश रूपात संपतो, कारण १० चे अवयव तेच आहेत. कॉम्प्युटर दोनच्या पायावर मोजतो, म्हणून तिथे छेदात फक्त २ चालतो. १/१० च्या छेदात ५ लपलेला आहे. त्यामुळे द्विमान पद्धतीत ०.१ होतो ०.०००११००११००११… आणि ००११ ची रांग संपतच नाही. मशीनकडे जागा मोजकी असते. कुठेतरी ती रांग कापावी लागते. एनडीएच्या परीक्षेसाठी आपण ही रूपांतरे घोकतो. पूर्णांक पटापट सुटतात, अपूर्णांक आला की पाच-सहा अंकांवर थांबून पुढे ठिपके देतो. त्या ठिपक्यांची किंमत किती असू शकते, ते आता पाहू.

२५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध. सौदी अरेबियातील दाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा येणारी क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी तैनात होती. इराकचे एक स्कड आले आणि सैनिकांच्या बराकीवर पडले. २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. पॅट्रियटने त्यावर माराच केला नाही.

त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे : १, २, ३… या पूर्ण संख्या, इथपर्यंत काहीच चूक नाही. सेकंद काढण्यासाठी ती संख्या १/१० ने गुणली जाई, आणि तो १/१० चोवीस बिटांच्या जागेत कापून ठेवलेला होता. कापल्यावर उरले २०९७१५/२०९७१५२. वही घ्या आणि २०९७१५२ ला १० ने भागा. २०९७१५.२ येतील. त्यातले .२ गेले. म्हणजे दर दहाव्या भागामागे सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची तूट. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? यंत्रणा सुमारे १०० तास बंद न करता चालू होती. १०० तासांत असे ३६,००,००० दहावे भाग बसतात. गुणाकार केला की ०.३४ सेकंद. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त अंतर कापते, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक फरक. रडारने क्षेपणास्त्र एकदा टिपले की पुढच्या क्षणी ते कुठे असेल याचा हिशेब करून यंत्रणा तेवढ्याच पट्ट्यात शोध घेत असे. त्या पट्ट्यात काहीच नव्हते.

इथे एक बारकावा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. दोन वेळांची वजाबाकी करताना दोन्हींत सारखीच चूक असेल, तर ती बरीचशी आपोआप कटते. पण त्या प्रोग्रॅममध्ये काही ठिकाणी अधिक अचूक रूपांतर नंतर घातले गेले होते, सगळीकडे नाही. अर्धी दुरुस्ती झाली आणि चुका एकमेकींना कापेनाशा झाल्या. वजाबाकीचा हा गुण सातवीतल्या मुलालाही पटेल.

त्याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आठ तास सलग चालल्यावर फरक पडतो, हे दोन आठवडे आधीच लक्षात आले होते. २१ फेब्रुवारीला सूचनाही गेली, की यंत्रणा फार वेळ चालू ठेवल्यास अडचण येऊ शकते. "फार वेळ" म्हणजे किती, हे त्यात नव्हते. सुमारे २० तासांनंतर लक्ष्य पट्ट्याबाहेर जाते, हा आकडा वरच्याच गुणाकारातून निघतो. अधूनमधून यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती, तरी घड्याळ शून्यापासून सुरू झाले असते. सुधारित प्रोग्रॅम दाहरानला पोहोचला तो २६ फेब्रुवारीला.

कापलेल्या तुकड्यांचे काय करायचे, याचे उत्तर गणितज्ञांनी आधीच दिले होते. १९६५ मध्ये विल्यम काहान यांनी बेरजेची एक साधी युक्ती मांडली : प्रत्येक बेरजेत जे कापले जाते ते फेकू नका, वेगळ्या खात्यात ठेवा आणि पुढच्या बेरजेत परत घाला. आपल्या घरांत हे नवे नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान पडते. पंचांग ती तूट विसरत नाही, साठवते, आणि दर ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून फेडते. पायथॉनच्या ३.१२ आवृत्तीपासून sum ऐवजी आपण ज्याला 'सम' म्हणतो, त्या तयार आज्ञेत अशीच युक्ती बसवली आहे. तिला दहा वेळा ०.१ दिले तर ती १.० सांगते. आपल्या कॅडेटने बेरीज लूपमध्ये केली होती, म्हणून त्याला तूट दिसली. बरेच झाले.

उलट दिशेने मदत कशी होते, त्याचे माझे आवडते उदाहरण जोडमूळ संख्यांचे. वर्गात आपण ज्यांना ट्विन प्राइम म्हणतो त्या : ३ आणि ५, ११ आणि १३. अशा सर्व जोड्यांच्या व्यस्तांची बेरीज एका ठरावीक संख्येच्या पुढे जात नाही, हे विगो ब्रुन यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले. ती बेरीज नेमकी किती, हे हाताने काढणे अशक्य. अमेरिकेतील प्राध्यापक थॉमस नाइसली ती कॉम्प्युटरवर काढत होते. १९९४ मध्ये त्यांची उत्तरे जुळेनात. आपला प्रोग्रॅम तपासत, एकेक शक्यता वगळत ते शेवटी पोहोचले ते नव्या पेंटियम चिपपर्यंत. ८२४६३३७०२४४१ या संख्येचा व्यस्त ती चिप चुकीचा देत होती. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातल्या पाच नोंदी सुटल्या होत्या. इंटेलने यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. मूळ संख्यांचा उपयोग काय, असे पालक सभेत मला कोणी विचारले, की मी ही गोष्ट सांगतो. त्यानंतर चिपची भागाकाराची रीत केवळ उदाहरणे देऊन नव्हे, तर भूमितीतल्या प्रमेयासारखी सिद्ध करून तपासण्याला जोर आला.

गेल्या आठवड्यात मी त्या कॅडेटला बोलावले आणि ०.१२५ आठ वेळा मिळवायला सांगितले. उत्तर आले १.०, एकही अंक कमी नाही. तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, मग त्या घड्याळाने सेकंदाचे दहाऐवजी आठ किंवा सोळा भाग मोजले असते तर?" आम्ही दोघांनी फळ्यावर तो हिशेब मांडला. तूट शून्य आली.

तुमच्यासाठी काम : १/२०, ३/८, ७/१६ आणि १/२५ यांपैकी द्विमान पद्धतीत कोणते संपतात? आणि पॅट्रियटचे घड्याळ ८ तास चालल्यावर किती सेकंद मागे पडेल? कॅल्क्युलेटर न वापरता काढा आणि शनिवारी प्रेपनंतर वह्या माझ्याकडे आणा.