दहावीनंतरची दोन वर्षं तिला द्या

सीमाभागातल्या आई-बाबांनो,

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. मुलगी मराठी शाळेत पहिल्या पाचांत आलेली असते, गणितात तर जवळजवळ पैकीच्या पैकी. मग कुणीतरी काका नाहीतर मामा म्हणतो, "सायन्स इंग्लिशमधून असतं, हिला झेपंल काय?" तेवढ्या एका वाक्यावर पोरीची शाखा ठरून जाते. भावाला तिच्याहून वीस टक्के कमी असले तरी "बघू, जमेल हळूहळू" म्हणून त्याला डिप्लोमाला घालतात. बेळगावात पदार्थविज्ञान शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे, म्हणून आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलते.

पीयूसीच्या पहिल्या वर्षात, म्हणजे अकरावीत, नेमकं काय होतं ते आधी ऐका. निपाणीकडच्या मराठी शाळेतून आलेली एक मुलगी माझ्या विषयाच्या पहिल्या चाचणीत नापास झाली. चेंडू वर फेकण्याचा एक प्रश्न तिनं कोराच सोडला होता. मी तिला जवळ बसवलं आणि तोच प्रश्न मराठीत विचारला: सेकंदाला २० मीटर वेगानं चेंडू सरळ वर फेकला, तर सगळ्यात उंच पोचायला किती वेळ लागेल? गुरुत्वाकर्षणाचा आकडा १० धर. तिनं बोटानं टेबलावर उभी रेघ ओढली आणि म्हणाली, "वीस, दहा, शून्य. दोन सेकंद, मॅडम." कागदही लागला नाही. विषय तिला येत होता, अडलं होतं ते प्रश्नाच्या वाक्यात. पण घरी गुण पोचले होते आणि वडिलांनी शाखा बदलण्याचा अर्ज लिहून ठेवला होता.

तो अर्ज तेव्हा लिहू नका, एवढंच माझं मागणं आहे. दहा वर्षं एका भाषेत शिकलेल्या मुलीला दुसऱ्या भाषेत उभं राहायला काही महिने लागतात. पहिल्या दोन चाचण्यांचे गुण हे तिच्या बुद्धीचं माप नव्हे. दिवाळीनंतर बहुतेक मुली सावरतात. त्यांना तोवर टिकू द्यायला मात्र घर लागतं.

आपल्या मुलींवर ओझं दुहेरी आहे. मुलगी म्हणून एक आणि कर्नाटकात भाषिक अल्पसंख्य म्हणून दुसरं. कर्नाटकच्या सीईटीत कन्नड माध्यमातून दहावीपर्यंत शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. मराठी माध्यमाच्या मुलीला त्या मिळत नाहीत. ग्रामीण शाळेत शिकलेल्यांच्या १५ टक्के जागा मात्र तिला मिळू शकतात, पण अनेक घरांत त्यासाठीचे कागद वेळेवर काढलेच जात नाहीत. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. तेव्हा निपाणीच्या मुलीला ती हवी असेल तर अर्जात केंद्र कोल्हापूर भरायला हवं. तिथं इंग्रजी प्रश्न शेजारी असतोच, त्यामुळे तोटा काही नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशातही सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. त्याला रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो, आणि तो जूनमध्ये धावपळ करून मिळत नाही.

आणखी एक, थोडं नाजूक. मराठीसाठीचा आपला लढा न्याय्य आहे आणि मराठी शाळा टिकल्याच पाहिजेत, असं मी मनापासून मानते. पण त्या लढ्यापायी मुलीला कन्नडपासून दूर ठेवू नका. उद्या उद्यमबागच्या फाउंड्रीत ती सुपरवायझर झाली, तर भट्टीजवळच्या माणसाशी तिला कन्नडमध्येच बोलावं लागेल. तीन भाषा येणारी इंजिनिअर कुठल्याही कारखान्याला हवीच असते. निपाणीहून बेळगावला येताना हत्तरगीजवळ विमानाचे सुटे भाग बनवणारे कारखाने लागतात. तिथं आपली मुलगी का नसावी?

कमला सोहोनी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण मुंबईची बीएस्सी करून १९३३ साली बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत गेली. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. ती हटून बसली, तेव्हा वर्षभर काम बघून ठरवू, अशा अटीवर घेतलं. १९३९ मध्ये तिनं केंब्रिजची पीएचडी मिळवली. तिची जिद्द सगळे सांगतात, मला तिच्या घराविषयी सांगायचंय. तिचे वडील आणि काका त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकले होते. आत काय असतं, कुणाला भेटायचं, कुठं हट्ट धरायचा, हे घरातच ठाऊक होतं. आपल्या मुलींच्या घरात तसं कुणी नाही. म्हणून गावातली जी मुलगी दोन-चार वर्षं पुढं गेली आहे, तिला मुद्दाम घरी बोलवा आणि आपल्या मुलीशी तासभर बोलू द्या.

देशभरात बीएस्सीच्या वर्गांत आज मुली निम्म्याच्या पुढं आहेत, पण प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांत शंभरात विशीच्या आतच. बाकीच्या वाटेत गळतात, आणि त्याची कारणं बुद्धीत शोधायची गरज नाही. सुधा मूर्ती हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकल्या तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. आज ते बहुतेक ठिकाणी असतं, पण उघडं असतं का, पाणी असतं का, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन पाहा. प्रयोगशाळा किती वाजता सुटते आणि गावाकडची शेवटची बस कधी, हेही विचारा. साडेपाचची बस गाठायची म्हणून प्रयोग अर्धवट टाकून पळणाऱ्या मुली मी रोज पाहिल्या आहेत. वसतिगृहाचा खर्च जड वाटतो, मान्य. पण लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून इंजिनिअरिंगची चार वर्षं निघतात का, याचा हिशेब एकदा नवरा-बायकोनं मिळून करा.

निपाणीच्या आयांना वेगळं सांगायला हवं. तंबाखूच्या वखारींत खाट सोसत काम करणाऱ्या तुमच्या आया-सासवा संघटित झाल्या, त्यांच्या लढ्यावर १९८२ साली युगांतर या गटानं माहितीपटही काढला. हक्क मागून घ्यायचे असतात, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. तेव्हा मुलगी अकरावीत असताना संध्याकाळी तिच्या मांडीवर विड्यांचं सूप देऊ नका. तिचे ते दोन तास गणिताचे आहेत. आणि विडी कामगाराचं ओळखपत्र तुमच्या नावे असेल, तर केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती तिला मिळू शकते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला ती वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत असते. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाच्या मुलींसाठी 'प्रगती' ही दुसरी योजना आहे. तिच्यातून निवड झाल्यास वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं.

हे अर्ज बहुधा नावांच्या फरकामुळे अडतात. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर तिचं नाव एकसारखं आहे का, तुमच्या विडी कार्डावर तिची नोंद आहे का, हे निकालाची वाट न पाहता याच महिन्यात तपासून घ्या.