तहान लागण्याआधी विहीर

पोरी, उद्यापासून सर्व्हर रूमची किल्ली तुझ्याकडे. व्हर्च्युअल मशीन उभं करणं तुला शिकवायला नको. पण नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरपाशी भलेभले अडतात. ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि ड्रायव्हर तर नेटवर आहे, अशी ती कोंडी. मी तिच्यात रात्री घालवल्या आहेत, तू घालवू नयेस म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, कार्ड समजून दे. ई१००० निवडलंस की होस्ट इंटेलच्या एका जुन्या गिगाबिट कार्डाची हुबेहूब नक्कल करतो. विंडोजला ते ओळखीचं असल्यामुळे नेट लगेच चालतं. पण नक्कल निभावायला व्हीएमचं काम सारखं थांबवून होस्टला मधे पडावं लागतं आणि प्रोसेसर त्यातच खर्ची पडतो. व्हर्टआयओ किंवा व्हीएमएक्सनेट३ हे खऱ्या कार्डाची नक्कल करत नाहीत. व्हीएम आणि होस्ट मेमरीतली एक जागा वाटून घेतात, एक पॅकेट ठेवतो, दुसरा उचलतो. म्हणून रोजच्या राबत्या सर्व्हरला केव्हीएमवर व्हर्टआयओ दे, व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट३ दे. ई१००० अडीनडीला राहू दे. अगदीच अडलीस तर ते दुसरं कार्ड म्हणून जोड, नेट आलं की खरा ड्रायव्हर उतरवून घे आणि मग ते काढून टाक.

दुसरी गोष्ट, ड्रायव्हर आधी हाताशी ठेव. लिनक्सची काळजी नाही, व्हर्टआयओ त्याच्या कर्नलमध्येच असतो. विंडोजमध्ये तो नसतो. त्यासाठी व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ फाइल मिळते. ती होस्टच्या स्टोरेजवर कायम असू दे आणि विंडोज टाकतानाच दुसरी सीडी म्हणून जोड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’वर पिवळं चिन्ह दिसलं की ड्रायव्हर अपडेट करताना स्वतः फोल्डर दाखव: नेटकेव्हीएम, त्यात तुझ्या विंडोजचं नाव, म्हणजे विंडोज १० साठी डब्ल्यू१०, सर्व्हर २०२२ साठी २के२२, आणि त्यात एएमडी६४. हे शेवटचं नाव बघून गोंधळू नकोस, इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरलाही तेच लागतं. व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट३ चा ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्समधून येतो. त्याची सीडी होस्टवरूनच जोडता येते.

तिसरी गोष्ट, हात लावण्याआधी लिहून घे. एका ३१ मार्चच्या रात्री मी हिशेबाचा सर्व्हर व्हीएमवेअरवरून केव्हीएमवर हलवला. नवं कार्ड दिसलं, ड्रायव्हर बसला, पण जुना आयपी पत्ता टाकला की विंडोज म्हणे, हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडे आहे. जुनं कार्ड तर मी काढलं होतं! ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपून बसलं होतं. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं, फिकट दिसणारं कार्ड काढून टाकलं, तेव्हा पत्ता मोकळा झाला. तोवर पहाट झाली होती. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी स्नॅपशॉट घ्यायचा. मग आयपी, सबनेट, गेटवे आणि डीएनएस वहीत उतरवायचे. जुन्या जागीच व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाकायचे, डिस्कचासुद्धा, नाहीतर मशीन सुरूच व्हायचं नाही. व्हीएमवेअर टूल्सही तिथेच काढायचं, कारण हलवल्यावर ते सहजी निघत नाही. त्यानंतरच मशीन हलवायचं. लिनक्समध्ये कार्ड बदललं की त्याचं नावही बदलू शकतं. जुन्या नावाने लिहिलेली सेटिंग मग लागू होत नाही, तेव्हा नवं नाव बघून ती दुरुस्त कर.

चौथी गोष्ट, क्लोन केलंस तर मॅक पत्ता नवा घे. एकाच नेटवर्कवर दोन मशीनना एकच मॅक असला की नेट येतं-जातं, आणि माणूस बिचाऱ्या ड्रायव्हरला दोष देत बसतो. मॅकची सुरुवातही वाचायला शिक: ५२:५४:०० दिसलं तर बहुधा केव्हीएम, ००:५०:५६ म्हणजे व्हीएमवेअर, ०८:००:२७ म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स.

पाचवी गोष्ट, ड्रायव्हरचा दोष आहे का, हे आधी ठरव. विंडोजने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला असेल, तर कार्ड आणि ड्रायव्हर बहुतेक ठीक असतात. डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नसतं. तेव्हा ब्रिज आणि व्हीलॅन तपास. व्हर्च्युअलबॉक्समध्ये १०.०.२.१५ पत्ता दिसला तर मशीन नॅटमागे आहे. त्याला बाहेर जाता येईल, पण ऑफिसातल्या इतरांना त्याच्यापर्यंत पोचता येणार नाही. तिथे ड्रायव्हर दहा वेळा काढून टाकलास तरी उपयोग नाही.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या पाचही गोष्टींचं मूळ तेवढंच आहे. आज घरी जाण्याआधी प्रत्येक होस्टवर ती आयएसओ आहे ना, हे स्वतः उघडून बघ, आणि वहीचं पहिलं पान भरायला घे.