शिकेकाईला घाई चालत नाही

पोरी, शॅम्पू सोडून शिकेकाई लावायची म्हणतेस, लाव. पण कपाटातल्या बाटल्या लगेच उकिरड्यावर टाकू नकोस. एका न्हाणाला शॅम्पू, पुढच्याला शिकेकाई, असं महिनाभर चालू दे. कंडिशनरचा गुळगुळीत थर उतरला की केस राठ लागतात. पोरी तिथंच घाबरतात नि परत बाटलीकडं वळतात.

आपल्याकडं भूगावात बोअरचं पाणी जड. तोटीवर पांढरं साचतं, बघतेस ना? असल्या पाण्यात साबण फुटतो आणि त्याचा चिकटा केसांत बसतो. शिकेकाईच्या नावानं मिळणारी वडीसुद्धा शेवटी साबणच. शेंगेचं तसं होत नाही. फेस मात्र थोडाच येतो, म्हणून आणखी ओतत बसू नकोस.

तयार पुडीत काय काय दळलंय कोण सांगणार? त्यापेक्षा पुण्यात काष्ठौषधीच्या दुकानातून अख्ख्या शेंगा आण. किलोभर शिकेकाईला पाव किलो रिठा, पाव किलो आवळकाठी, मूठभर मेथ्या, वासाला नागरमोथा. रिठ्यातली काळी बी फोडून काढ. सगळं कडक उन्हात वाळव, शेंग मोडली की टचकन आवाज यायला हवा. गिरणीवाल्याला आधी विचार. ती पूड उडाली की सगळी गिरण शिंकते, त्यामुळं सगळेच दळून देत नाहीत.

आदल्या रात्री दोन-तीन चमचे पूड तांब्याभर पाण्यात भिजव. सकाळी उकळ, कोमट झाली की जुन्या पंच्यातून गाळ. गाळायचा कंटाळा केलास तर दिवसभर कंगव्यातनं चोथा निघेल. न्हाताना डोळे गच्च मीट, फार झोंबतं. आदल्या दिवशी तेलही बोटभरच लाव. चपचपीत तेल शिकेकाईनं एका न्हाणात निघत नाही.

आणि ती ‘हर्बल’ काळी मेंदी! अगं, निव्वळ मेंदी तांबूसच रंगते. काळा रंग यायला नीळ लागते, नाहीतर रसायन. पाकिटामागची बारीक अक्षरं वाच. पीपीडी लिहिलेलं दिसलं तर खाली ठेव, त्यानं कुणाकुणाचं डोकं, डोळे सुजतात. झाडपाला अंगाला मानवेलच असंही नाही. नवीन काहीही आधी कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस थांब.

केस पुंजक्यानं जाऊन चाई दिसली तर मात्र जास्वंद नि माका वाटत बसू नकोस, सरळ कातडीच्या डॉक्टरकडं जा.