इतवारीत केलेल्या कामाचा कागद

दर उन्हाळ्यात मला दोन-चार मुलं तरी भेटतात, इंटर्नशिप मिळाली नाही म्हणून हिरमुसलेली. बहुतेक जण नागपूरच्या बुधवारी, महाल, तांडापेठ भागातली. पुण्या-बंगळुरूला दोन महिने खोली करून राहणं घरच्यांना झेपत नाही. सरकारी योजनेचंही तसंच. 2024 साली पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हा वयाची अट 21 ते 24 होती आणि नियमित शिक्षण चालू असलेल्यांना तिथे जागा नव्हती. म्हणजे शिकतानाच अनुभव हवा असलेला पोरगा तिथूनही बाहेर. या मुलांना मी एकच गोष्ट पोटतिडकीने सांगतो. काम तुमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, पण नुसतं काम करून भागत नाही. त्याचा कागद त्याच वेळी हातात घ्या.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. 2017 साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. 1 जुलैला जीएसटी लागू झाला आणि इतवारी बाजारातल्या किराणा ओळीत सगळ्यांची धांदल उडाली. ओळखीच्या एका दुकानात नवा संगणक आला होता, पण मुनीमजींचा हात वहीवर बसलेला. कॉलेज सुटलं की मी तिथे टॅलीवर बसायला लागलो. हळद 0910, मिरची 0904, जिरं-धने 0909, या तिन्हींना 5 टक्के. बदामाला तेव्हा 12. सुटी डाळ तेव्हा करमुक्त होती, पण नोंदणी केलेल्या ब्रँडच्या पिशवीत भरली की तिलाच 5 टक्के लागत. भंडाऱ्याचं गिऱ्हाईक असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बालाघाटचं असेल तर मध्य प्रदेश लागतो म्हणून आयजीएसटी. वर्गात हे कोणी शिकवलं नव्हतं, कारण पुस्तकात अजून व्हॅटच होता.

मुनीमजींकडून जे शिकलो ते तर कोणत्याच पुस्तकात नाही. एकदा मिरचीची गाडी लागली. बिल हातात होतं म्हणून मी खरेदी चढवायला घेतली, तर ते म्हणाले, "थांब रे पोट्ट्या, माल काट्यावर चढू दे आधी." हमालांनी बोऱ्या उतरवल्या. दोन खालून ओल्या निघाल्या, एकीत वजन कमी भरलं. मुनीमजींनी बिल्टीवरच तसं लिहून गाडीवाल्याची सही घेतली आणि मग मला डेबिट नोट करायला बसवलं. डेबिट नोट म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, ते कायमचं.

शेवटच्या वर्षानंतर एका खासगी कंपनीत लेखा विभागासाठी मुलाखत झाली. अनुभव विचारला, तो मी सांगितला. पुढचा प्रश्न आला, "पत्र आहे का?" मी दुकानाच्या मालकांकडे, शेठजींकडे गेलो. ते म्हणाले, "बेटा, तुझं नाव पगाराच्या रजिस्टरात कुठे आहे? मी लिहून दिलं आणि उद्या कोणी विचारायला आलं तर?" इतक्या संध्याकाळी तिथे घालवल्यावर हे ऐकताना घसा दाटून आला. ती नोकरी गेली. शिफारस घेऊन आलेल्या मुलाला मिळाली असं पुढे कळलं.

म्हणून कामावर लागतानाच, पहिल्याच आठवड्यात विषय काढा. "शेठजी, तीन महिन्यांनी मला दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी लागतील," असं सरळ सांगा. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणतं काम, तळाशी सही-शिक्का, एवढं पुरतं. काम अडलेलं असतं तेव्हा माणूस हो म्हणतो, काम संपल्यावर टाळतो. पत्र नाहीच मिळालं, तर दुकानाचे कर सल्लागार किंवा मुनीमजी यांना विचारून त्यांचं नाव आणि फोन बायोडेटात घाला.

दुसरं म्हणजे रोजची टाचणं. आज काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं. मुलाखतीत "टॅली येतं" म्हणणाऱ्यापेक्षा "पुरवठादाराने बिल चढवलंच नव्हतं, ते मी जीएसटीचं 2बी विवरण जुळवताना पकडलं" म्हणणाऱ्याकडे समोरचा मान वर करून बघतो. मात्र दुकानाच्या बिलांचे फोटो काढून नेऊ नका. गिऱ्हाइकांची नावं आणि भाव ही त्यांची गोष्ट आहे. नमुना दाखवायचा तर घरी टॅलीच्या एज्युकेशनल मोडमध्ये बनावट नावांचं दुकान उभं करा. ते फुकट आहे. त्यात महिन्याच्या मोजक्याच तारखांना नोंदी होतात, पण शिकायला तेवढं बास.

विचारायला कधी जायचं, यालाही महत्त्व आहे. 11 तारखेला बहुतेकांचं जीएसटीआर-1 असतं, 20 ला 3बी. या दिवसांत तुमच्याकडे कोणी बघणार नाही. 20 नंतर जा, दुपारी गर्दी ओसरल्यावर. "काही काम आहे का?" असं मोघम विचारू नका. "पुढच्या 14 तारखेला 2बी आलं की तुमची खरेदी मी जुळवून देतो," असं नेमकं सांगा. वाणिज्य शाखेचे नसाल तरी कामं आहेत. भांडे ओळीतल्या दुकानाला व्हॉट्सॲपवर पाठवायला फोटोसह दरपत्रक लागतं, गांधीबागेत कापडाचा साठा कुणीतरी एक्सेलमध्ये लावून द्यावा लागतो.

दुकानात पाय ठेवायला संकोच वाटत असेल तर मोहल्ल्याच्या मंडळात जा. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते, तिच्यासाठी वर्गणीची पावती पुस्तकं, पोलिसांची परवानगी, स्वयंसेवकांच्या पाळ्या असं कितीतरी काम असतं. एका वर्षाचा मंडळाचा हिशेब नीट ठेवून अध्यक्षांच्या सहीने मांडला, तर तो कोणालाही दाखवण्याजोगा अनुभव आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरले की प्रमाणपत्र मिळतं, तेही सोडू नका.

आणि नोंदणीच्या नावाखाली आधी पैसे मागणारी इंटर्नशिप दिसली तर तिथूनच परत फिरा. विकत घेतलेल्या प्रमाणपत्रावर मुलाखतीत दुसराच प्रश्न विचारला की उत्तर देता येत नाही. फुकट राबण्यालाही मुदत ठरवा. शिकायला म्हणून पहिला महिना ठीक, पुढे जाण्या-येण्याचा खर्च आणि थोडा मोबदला मागा. परीक्षेच्या काळात येणार नाही, हेही त्याच दिवशी बोलून घ्या. मार्चअखेरीस दुकानात सगळ्यात जास्त काम असतं आणि तुमचे पेपरही जवळ आलेले असतात.