कोठीघरातील फळी

वर्षाचे लोणचे म्हणजे घरच्या माउलीचे श्रम. गतवर्षी आमच्या कोठीघरातील फळी वाकली, खिळे निसटले व दोन बरण्या फुटल्या. फळी सागवानी होती. दोष आमच्या अज्ञानाचा होता.

मुलांनो, नियम असा की, दर फुटी भार तोच असता फळीची जाडी दुप्पट केल्यास तिचा बाक आठवा हिस्सा राहतो. परंतु आधारांतील अंतर निम्मे केल्यास केवळ सोळावा! यास्तव जाड फळी विकत घेण्यापूर्वी मध्ये एक आधार द्यावा. खिळा गिलाव्यात नव्हे, विटेत रुतला पाहिजे. जड बरण्या आधाराजवळ ठेवाव्या. छत्रपती संभाजीनगरातील जुन्या घरांत फडताळ भिंतीतच असे, ते ह्याच कारणे टिके.

ज्यास भार वाहावयाचा, त्यास आधार जवळ हवा. हे फळीविषयी खरे, तसेच माउलीविषयीही.